परात, उकड आणि गोधडी : स्वमग्न मुलांसाठी घरातले सेन्सरी खेळ

ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान हातात पडलं की बऱ्याच घरांत पहिली खरेदी होते ती सेन्सरी, म्हणजे संवेदनांना चालना देणाऱ्या, खेळण्यांची. काटेरी चेंडू, रंग बदलणारे दिवे, गुळगुळीत जेली, दाबली की पॉप वाजणारी रबरी पाटी. त्यातलं बरंचसं सामान महिन्याभरात माळ्यावर जातं, कारण ते जाहिरात पाहून घेतलेलं असतं, मूल पाहून नव्हे. खालचे खेळ जवळजवळ सगळे स्वयंपाकघरातल्या आणि कपाटातल्या वस्तूंनी होतात. मात्र क्रम मोडू नका. आधी मुलाकडे बघायचं, मग खेळ निवडायचा आणि सामान सगळ्यात शेवटी काढायचं.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. या खेळांनी ऑटिझम बरा होत नाही, आणि तो तसा बरा करायचा आजारही नाही. खेळांमुळे मुलाला स्वतःचं शरीर थोडं सोपं वाटतं आणि नखं कापणं, जेवायला बसणं, झोपणं यांसारखी रोजची कामं कमी त्रासाची होतात. मुख्य म्हणजे तुम्हा दोघांना एकमेकांसोबत बसायला एक जागा मिळते.

पहिले चार दिवस : फक्त वही

शाळेत शिकलेली पाच ज्ञानेंद्रियं इथे पुरत नाहीत. आणखी तीन संवेदना लक्षात घ्या. एक तोलाची, जी आतल्या कानातून येते. दुसरी सांध्यांची आणि स्नायूंची, हातपाय कुठे आहेत आणि किती जोर लागतोय हे सांगणारी. तिसरी शरीराच्या आतली : भूक, तहान, शू लागणं, छातीतली धडधड. अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स यांनी १९७०च्या दशकात या सगळ्या संवेदना मेंदूत एकत्र कशा जुळतात यावर मांडणी केली आणि आजच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार) सेंटरमधले झोपाळे आणि मोठे चेंडू तिथूनच आले. संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निदानाच्या अधिकृत निकषांत २०१३ साली, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत आलं. म्हणजे तुमचं मूल मिक्सर लावला की कान झाकतं ते लाडावल्यामुळे नव्हे.

वहीत चार रकाने आखा : वेळ, काय घडलं, त्याआधी काय चाललं होतं, नंतर मूल कसं होतं. चार दिवसांत तीन प्रकारच्या नोंदी वेगळ्या दिसू लागतील.

टाळणं : कपड्याचं लेबल, शिकेकाई, ओले हात, कुकरची शिट्टी, ट्यूबलाइट, विशिष्ट भाज्यांचा लिबलिबीत स्पर्श.

शोधणं : सोफ्यावरून उड्या, भिंतीला धडका, गोल फिरणं, कॉलर चावणं, सगळ्यांना घट्ट मिठ्या, फॅनकडे टक लावून बघणं.

जाणीवच न होणं : पडलं तरी न रडणं, तोंडाला दही लागलंय हे न कळणं, हाक मारली तरी वळून न बघणं. शेवटच्या बाबतीत ऐकण्याची तपासणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्या.

एकच मूल आवाज टाळतं आणि जोरदार हालचाल शोधतं, असं नेहमी दिसतं. सकाळी चालणारा स्पर्श संध्याकाळी थकल्यावर चालत नाही हेही तितकंच खरं, म्हणून वेळेचा रकाना सोडू नका.

हात फडफडवणं, डोलणं, एकच आवाज काढत राहणं हे थांबवायच्या यादीत टाकू नका. मूल स्वतःला सावरत असतं. डोकं आपटणं किंवा स्वतःला चावणं असेल तर गोष्ट वेगळी. अचानक सुरू झालेल्या अशा वागण्यामागे कानदुखी, दातदुखी किंवा बद्धकोष्ठता असू शकते. बोलून सांगता न येणाऱ्या मुलाला आधी डॉक्टरांना दाखवा.

घरात आणायच्याच नाहीत अशा वस्तू

पाण्यात फुगणारे जेलीचे रंगीत मणी. दिसायला फार गोड, पण गिळले तर आतड्यात फुगून रस्ता बंद करतात आणि एक्स-रेवर सहसा दिसतही नाहीत. गुंजा आणि एरंडाच्या बिया विषारी असतात. कच्चा राजमा थोडा पोटात गेला तरी जोरदार उलट्या होतात. बोरॅक्स घालून केलेला स्लाइम नको. बटण सेलची झाकणं स्क्रूने बंद नसलेली दिव्याची खेळणी नकोत. वजनदार ब्लँकेट थेरपिस्टने मुलाला तपासून सांगितल्याशिवाय अजिबात नको, लहान मुलाला झोपेत तर कधीच नाही.

चणे, वाटाणे, चिंचोके मूल नाकात किंवा कानात घालतं. चणा नाकात ओलाव्याने फुगतो आणि मग चिमट्याने काढायच्या प्रयत्नात आणखी आत जातो. असं झालं तर घरी खटपट न करता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. जे मूल सगळं तोंडात घालतं, मग ते ३ वर्षांचं असो की ९, त्याला कोरडं धान्य द्यायचंच नाही. त्याच्यासाठी खाली उकडीचा खेळ आहे. माती, खडू, भिंतीचा रंग खाणारं मूल असेल तर रक्तातलं लोह आणि शिसं तपासून घ्यायला डॉक्टरांना सांगा.

तांदळाचा टब

हा खेळ सविस्तर सांगतो, कारण यातली पद्धत जमली की बाकीचे सगळे खेळ त्याच पद्धतीने मांडता येतात.

साधारण ३० सेंमी रुंद आणि १५ सेंमी खोल टब किंवा पातेलं घ्या. त्यात ३ किलो तांदूळ टाकले की ५ सेंमीच्या आसपास थर होतो, मनगटापर्यंत हात पुरायला तो पुरतो. परात लागते ती पहिल्या दिवसांपुरती, नुसती बोटं फिरवायला. उथळ असल्याने हात पुरायला ती चालत नाही आणि तांदूळ लगेच बाहेर सांडतात. खाली डबलबेडची चादर पसरा, मग शेवटी चार टोकं उचलली की सांडलेले तांदूळ परत टबात जातात.

तांदूळ लांब दाण्याचे घ्या. कणी ओलसर हाताला चिकटते आणि स्पर्श टाळणाऱ्या मुलाला नेमकं तेच नको असतं. बोरिक पावडर लावून किंवा पारदाच्या गोळ्या घालून साठवलेले तांदूळ वापरू नका. वर्षाची साठवण असलेल्या घरांत हे विचारून घ्यायलाच हवं. घरातल्या मोठ्यांना अन्नाशी खेळणं पटत नसेल तर त्या भावनेचा मान ठेवा. धुऊन कडक उन्हात वाळवलेली जाडसर वाळू तेच काम करते.

सोबत लागेल : एक डाव, दोन स्टीलच्या वाट्या, रुंद तोंडाचं नरसाळं, रिकामी प्लास्टिकची बाटली, आणि मुलाच्या आवडीच्या ४–५ वस्तू, मुठीत मावतील पण तोंडात मावणार नाहीत एवढ्या. गाड्या आवडत असतील तर गाड्या, चमचे आवडत असतील तर चमचे. जवळ एक कोरडा नॅपकिन हवाच.

१. जेवणानंतर लगेच नको आणि झोपेच्या वेळीही नको. टीव्ही बंद, फॅन मंद. मुलाला टब दाखवा, पण बोलावू नका. तुम्ही समोर जमिनीवर बसा आणि डावाने तांदूळ एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओता. मूल लांबून बघत असेल तर पहिल्या दिवसाचं काम झालं.

२. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डाव त्याच्या बाजूला ठेवा. हाताआधी अवजार, हा या सगळ्या खेळांचा मुख्य नियम. लांब दांड्याचा डाव, मग छोटा चमचा, मग वाटी, मग बोटाचं टोक. दांडा जितका आखूड होत जाईल तितका स्पर्श जवळ येतो, आणि तो किती जवळ येऊ द्यायचा हे मूल ठरवतं.

३. बाटलीत नरसाळ्यातून तांदूळ ओता. खळखळ आवाज त्रास देत असेल तर स्टीलऐवजी प्लास्टिकची वाटी घ्या किंवा बाटलीच्या तळाशी कापडाची घडी घाला. पुष्कळ मुलं स्पर्शामुळे नव्हे, आवाजामुळे उठून जातात आणि आपण चुकून स्पर्शाला दोष देतो.

४. आवडती वस्तू अर्धी पुरा, अर्धी दिसू द्या. सुरुवातीला पूर्ण पुरू नका. वस्तू नाहीशी झाली या भीतीने खेळ मोडतो.

५. मूल जे करतं तेच तुमच्या वाटीत करा. त्याने ओतलं की तुम्ही ओता. मग वाटी वर धरून थांबा, मनात १० आकडे मोजा. त्याने तुमच्याकडे पाहिलं, हात हलवला, आवाज काढला, काहीही केलं की लगेच ओता. या थांबण्यातूनच संवाद सुरू होतो.

६. पहिल्या आठवड्यात ३ ते ५ मिनिटं पुरे. पुढे मुलाच्या कलाने १५ पर्यंत. संपायच्या आधी '२ मिनिटं', मग '१ मिनिट' असं सांगा आणि वाळूचं घड्याळ किंवा मोबाइलवरचा रंग कमी होत जाणारा टायमर दाखवा. शेवटी टबाला झाकण लावून 'संपलं' हा एकच शब्द, रोज तोच.

सर्वात जास्त बिघडतं ते प्रश्नांमुळे. 'हा रंग कोणता? किती गाड्या? सांग बाळा, हे काय?' आजी-आजोबा प्रेमाने विचारतात, पण खेळाची परीक्षा झाली की मूल पाठ फिरवतं. प्रश्नाऐवजी छोटे शब्द वापरा : 'ओतलं', 'पडलं', 'अजून?'. दुसरी चूक म्हणजे हात धरून तांदळात घालणं. त्या दिवशी हात आत जातो खरा, पण दुसऱ्या दिवशी मूल त्या खोलीतही येत नाही. तिसरी, फेकाफेक. मूल मूठ भरभरून फेकत असेल तर त्याला जोर लावायचा आहे. टब बंद करा आणि खाली दिलेली जोराची कामं करा.

पीठ, कणीक, उकड

पिठाचे खेळ तीन पायऱ्यांत मांडता येतात. मूल वस्तू तोंडात घालतं का, यावरून पायरी निवडा.

तोंडात घालणाऱ्यांसाठी तांदळाची उकड. १ वाटी पाणी, अर्धा चमचा तूप, चिमूटभर मीठ उकळा, १ वाटी तांदळाची पिठी घालून ढवळा, गॅस बंद करून ५ मिनिटं झाकण ठेवा आणि मळा. मोदकाचीच उकड, फक्त खेळायला. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलालाही चालते. आतला गोळा वरून गार वाटला तरी मध्ये गरम राहतो, म्हणून तो फोडून स्वतःच्या मनगटाला लावून बघितल्याशिवाय देऊ नका. तडे जात असतील तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

तोंडात फारसं न घालणाऱ्यांसाठी शिजवलेलं खेळाचं पीठ. १ वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, १ वाटी पाणी, १ मोठा चमचा तेल, १ मोठा चमचा लिंबाचा रस. सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडून एकत्र करा, मग मंद आचेवर ढवळत राहा. ४–५ मिनिटांत मिश्रण कडा सोडून गोळा होतं. चिकट राहिलं तर आणखी मिनिटभर परता, वरून मैदा घालू नका. मैद्याने ते नंतर भुरभुरीत होतं. हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. मिठामुळे हे पीठ खाण्यासारखं अजिबात नाही, मोठा घास पोटात जाणं धोक्याचं आहे. नखं कुरतडलेली असतील किंवा हाताला इसब असेल तर ते झोंबतं, आणि मूल ओरडलं की आपण समजतो त्याला स्पर्श आवडत नाही.

तिसरी पायरी कॉर्नफ्लोअरची. २ वाट्या कॉर्नफ्लोअर, जेमतेम १ वाटी पाणी. दाबलं की घट्ट, सोडलं की ओघळतं. पांढरं कॉर्नफ्लोअरच हवं. भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ घेतलं तर नुसता चिखल होतो. खेळ झाल्यावर बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. वाळू द्या आणि कचऱ्यात टाका. ओल्या स्पर्शाचा तिटकारा असलेल्या मुलाला ही पायरी सगळ्यात अवघड जाते, त्यामुळे पहिले काही दिवस हे मिश्रण झिपच्या पिशवीत भरून, तोंडाला चिकटपट्टी लावून, बाहेरूनच दाबायला द्या.

पिठाला वास किंवा रंग पहिल्या दिवशी नको. एका वेळी एकच नवी गोष्ट. नाहीतर मूल कशाला नाही म्हणतंय ते कळत नाही.

जोर लावायची कामं

उड्या, धडका, चावणं यांचा वहीत भरणा असेल तर इथून सुरुवात करा. स्नायूंना आणि सांध्यांना जोर मिळाला की बरीचशी मुलं शांत होतात. त्यासाठी खेळणी नकोत, घरातली खरी कामं चालतात : पोळ्यांची कणीक तिंबणं, खलबत्त्यात दाण्याचं कूट करणं, भरलेली बादली ढकलत नेणं, ओले कपडे पिळणं, सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात ठेवणं, भाजीची पिशवी उचलणं. उचलायचं वजन मुलाच्या वजनाच्या ५ ते १० टक्के ठेवा. २० किलोच्या मुलाला १ ते २ किलो. ढकलायला याहून जास्त चालतं.

वेळ महत्त्वाची. ही कामं अवघड गोष्टीच्या आधी १० मिनिटं करून घ्या : केस कापण्याआधी, अभ्यासाला बसण्याआधी, लग्नाच्या हॉलमध्ये शिरण्याआधी. त्रागा सुरू झाल्यावर खलबत्ता हातात देऊन उपयोग नाही. तेव्हा बोलणं थांबवा, दिवा मंद करा, गर्दी हटवा, मुलाने मागितल्याशिवाय हात लावू नका आणि वाट बघा.

चावणाऱ्या मुलाला कडक खाणं द्या : गाजराची लांब फोड, कडक टोस्ट, चिक्की. ते नीट चावून गिळता येत असेल तरच, आणि बसून. पळत असताना काहीही तोंडात नको.

गोधडी आणि झोपाळा

गोधडी जमिनीवर पसरा, मूल कडेला आडवं झोपेल, डोकं आणि मान गोधडीच्या पूर्ण बाहेर. हात हवे असतील तर तेही बाहेर. हळूहळू गुंडाळा आणि वरून उशीने खांद्यापासून पायांकडे दाबत या, पोळी लाटल्यासारखं. छातीवर आणि पोटावर दाब नाही. 'अजून' की 'पुरे' हे शब्दाने, खुणेने किंवा कार्डाने विचारत राहा. 'पुरे' म्हटलं की त्याच क्षणी उलगडा. दोन मिनिटं खूप झाली. शिस्त लावायला, शिक्षा म्हणून किंवा मूल रडत असताना धरून ठेवायला गोधडी कधीही वापरू नका. तसं एकदा झालं तरी हा खेळ कायमचा गेला.

घरात झोपाळा असेल तर तुमचं काम सोपं आहे. पुढे-मागे, एका लयीत, हळू झोका शांत करतो. गोल फिरणं आणि अचानक थांबणं जागं करतं, म्हणून ते झोपायच्या आधीच्या तासात नको. फिकं पडणं, घाम, वारंवार जांभया, मळमळ दिसली की थांबा. ही लक्षणं काही वेळा झोका थांबल्यावर अर्ध्या तासाने येतात, म्हणून पहिल्यांदा ५ मिनिटांवर जाऊ नका. ज्या मुलांना फिट येतात त्यांच्यासाठी झोपाळा आणि लुकलुकणारे दिवे, दोन्ही न्यूरोलॉजिस्टना विचारून.

पाणी

पाणी पुष्कळ स्वमग्न मुलांना ओढून घेतं, आणि बुडण्याचा धोका याच ओढीमुळे वाढतो. दोन-तीन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. पाणी खेळताना दाराची बेल वाजली तर मुलाला उचलून दार उघडा किंवा बेल वाजू द्या. खेळ संपला की टब लगेच रिकामा करा आणि जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला कुलूप लावा. खेळ सोपा : गाळणी, स्पंज, दोन मग. कोमट पाण्याने सुरुवात करा. अंघोळीला रडणाऱ्या मुलाला डोक्यावरून पाणी नको असतं, पण पायांवर स्वतःच्या मगाने ओतायला ते बहुतेक तयार होतं.

ओटीकडे कधी जायचं

६ ते ८ आठवडे नियमित करूनही जेवण, झोप, अंघोळ यांत काहीच हललं नाही, किंवा मूल मोजून तीन-चारच पदार्थ खातं, तर व्यवसायोपचारतज्ज्ञांना भेटा आणि ती वही घेऊन जा. पहिल्या भेटीत तिचा फार उपयोग होतो. 'घरी काय करायचं' हे लिहून न देणाऱ्या, पालकांना दाराबाहेर बसवणाऱ्या सेंटरपेक्षा शिकवणारा थेरपिस्ट निवडा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या (नॅशनल ट्रस्ट) निरामय आरोग्य विम्यात ऑटिझम येतो आणि त्याचं संरक्षण वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आहे. थेरपीच्या खर्चासाठी त्याची चौकशी करा.

आवाज, आणि गणपतीची तयारी

आवाजाच्या खेळात बटण मुलाच्या हातात हवं. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर जवळजवळ ऐकू न येण्याइतकं लावा आणि आवाज वाढवणं-कमी करणं त्याला करू द्या. स्वतः बंद करता येतो तो आवाज कमी घाबरवतो. रोज दोन मिनिटं, सणाच्या तीन-चार आठवडे आधीपासून. सोबत रिकामा डबा आणि लाकडी चमचा द्या. स्वतः वाजवलेला आवाज मुलं सहज सोसतात. तसंच मिक्सरचं : 'आधी मिक्सर, मग शांत' असं चित्र दाखवा, तीनपर्यंत मोजा आणि बटण त्यालाच दाबू द्या.

कान झाकणारे इअरमफ मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. डोक्यावर दाब पडतो तोच नको वाटतो. घरी आवडतं काही बघताना एक मिनिट, मग तीन, मग दहा. दिवसभर मात्र घालून ठेवू नका, त्याने नेहमीचे आवाजही मोठे वाटू लागतात.

विसर्जनाच्या दिवशी जायच्या आधी जोराचं एक काम करून घ्या. पथकापासून लांब, गल्लीच्या तोंडाशी उभे राहा, जिथून मागे वळायला रस्ता मोकळा असेल. 'घरी' लिहिलेलं किंवा घराचा फोटो चिकटवलेलं कार्ड मुलाच्या खिशात ठेवा. ते त्याने बाहेर काढलं की आरती अर्धी राहिली तरी चालेल, लगेच निघा.